कोरा कागद समोर आला की काहीच सुचत नाही

प्रश्न असा आहे: "मी निफाड तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बारावी सायन्स. यंदा नाशिकला बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. सी या प्रोग्रामिंग भाषेचं लेक्चर ऐकताना सगळं कळतं. जर्नल पूर्ण आहे, प्रॅक्टिकल परीक्षेच्या प्रश्नांच्या स्लिपा पाठ आहेत. पण मॅडमनी थोडा वेगळा प्रोग्राम दिला की कोरा कागद तसाच राहतो. घरी लॅपटॉप नाही. वर्गातली निम्मी मुलं कॉलेज रोडला क्लासला जातात. मी क्लास लावू, की लाइन बदलून साधं बी.एस्सी. करू?"

गेली वीसेक वर्षं मी नाशिकमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते आहे. दरवर्षी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी स्टाफरूमच्या दारात उभं असतं. त्यामुळे पहिलं हे सांगते की तू एकटी नाहीस, आणि तुझी अडचण हुशारीची नाही.

"ऐकताना सगळं कळतं" असं तू लिहिलंयस. गोम तिथेच आहे. फळ्यावरचा प्रोग्राम कळणं म्हणजे दुसऱ्याने लावलेला क्रम पटणं. तो क्रम स्वतः लावणं हे वेगळं काम आहे. आणि या दोन्हींच्या मध्ये एक पायरी आहे, जी जर्नल उतरवताना पूर्ण सुटून जाते: समोरचा प्रोग्राम चालवला तर मशीन नेमकं काय करेल, हे चालवण्याआधी सांगता येणं. माझं सगळं उत्तर या एका पायरीबद्दल आहे. रन करण्याआधी उत्तर कागदावर लिही, मग रन कर. जुळलं तर पुढे जा. नाही जुळलं तर का नाही जुळलं ते सापडेपर्यंत त्याच प्रोग्रामवर थांब.

हे वाचायला सोपं वाटतं, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवते.

तू निफाडची, म्हणजे थंडीत पारा उतरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात हे तुला मी सांगायला नको. समज, पाच दिवसांचं पहाटेचं तापमान दिलंय: ९.२, ७.४, ६.१, ८.० आणि १०.३. यातलं सगळ्यात कमी कोणतं, ते प्रोग्रामने सांगायचं. वर्गात सगळ्यात मोठी संख्या काढायचा प्रोग्राम झालेला असतो. त्यात आधी "कमाल" नावाच्या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या डब्यात, शून्य ठेवतात, मग लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करत, एकेक संख्या बघतात आणि ती कमालपेक्षा मोठी असेल तर कमालमध्ये टाकतात. मुलं तोच प्रोग्राम घेतात, कमालच्या जागी किमान लिहितात, मोठं-लहानचं चिन्ह उलटं करतात आणि रन करतात. उत्तर येतं शून्य. निफाडात त्या आठवड्यात पारा शून्यावर गेलाच नव्हता, तरी शून्य.

इथे बहुतेक मुलं काय करतात? चिन्ह पुन्हा उलटं करून बघतात. लूप एकने वाढवतात, एकने कमी करतात. शेजारच्याचं बघतात. कधीतरी उत्तर बरोबर येतं आणि का आलं ते कळतच नाही. तू त्याऐवजी वहीत चार रकाने आख. पहिल्यात लूपची कितवी फेरी, दुसऱ्यात त्या फेरीतलं तापमान, तिसऱ्यात इफमधली अट खरी की खोटी, चौथ्यात फेरी संपल्यावर किमानची किंमत. आणि पहिल्या फेरीच्याही वर, लूप सुरू होण्याआधीची ओळ: किमान शून्य.

आता पेन्सिलने भर. पहिली फेरी, ९.२. शून्यापेक्षा लहान आहे का? खोटं. किमान शून्यच. दुसरी फेरी, ७.४. खोटं. तिसरी, ६.१. खोटं. तिसऱ्या ओळीवर येईपर्यंत तुझ्या लक्षात येईल की ही अट कधीच खरी होणार नाही, कारण सुरुवातीलाच आपण सगळ्यांपेक्षा लहान आकडा ठेवून बसलोय. दोष लूपमध्ये नाही, इफमध्येही नाही. तो लूपच्या वरच्या ओळीत आहे. किमानमध्ये शून्याऐवजी पहिल्या दिवसाचं तापमान ठेव आणि तेच रकाने पुन्हा भर: सुरुवात ९.२, मग ७.४, मग ६.१, पुढच्या दोन फेऱ्यांत अट खोटी, शेवटी ६.१. आता रन कर. स्क्रीनवर ६.१००००० दिसेल, कारण काही सांगितलं नाही तर सी दशांशाच्या पुढे सहा घरं छापतो. तेवढंही तुझ्या कागदाशी जुळलं नाही म्हणून तू थांबलीस आणि विचारलंस, तर मला फार आनंद होईल.

आणि ज्या प्रोग्रामवरून हे उतरवलं, तो कमालचा प्रोग्रामही मुळात कच्चाच होता. कांद्याच्या भावांवर तो नीट चालतो, कारण भाव शून्याच्या वरच असतात. सगळे आकडे शून्याच्या खालचे दिले तर तोही फसेल. हे वर्गात कुणी सांगितलं नसेल, तरी रकाने भरणाऱ्या मुलीला ते आपोआप दिसतं.

या कामाला आमच्याकडे ड्राय रन म्हणतात आणि पेपरमध्ये त्यावर प्रश्नही येतो: "खालील प्रोग्रामचं आउटपुट लिहा." मुलं तो प्रश्न चार-पाच मार्कांचा म्हणून सोडून देतात. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या अख्ख्या अभ्यासक्रमात त्याच्याइतकं मोलाचं काही नाही.

शिवाय तुझ्या लॅपटॉपच्या अडचणीवरही हाच उपाय आहे. निफाडहून एसटीने येताना-जाताना बसायला जागा मिळाली की वही काढ. एका दिवसाला एक प्रोग्राम, पुस्तकातला किंवा जर्नलमधला. आकडे बदल आणि आउटपुट लिहून ठेव. प्रॅक्टिकलला लॅबमध्ये गेलीस की ते सगळे रन करून ताळा घे. लॅपटॉपवाली मुलं दिवसभर प्रोग्राम कंपाइल करत, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवत, बसतात आणि विचार एररवर सोपवतात. तुझ्याकडे मशीन आठवड्यातून थोडाच वेळ आहे, म्हणून तुला आधी विचार करावाच लागेल.

मोबाइलवरही थोडं होतं. ब्राउझरमध्ये चालणारे फुकट कंपायलर आहेत, आणि अँड्रॉइडवर टर्मक्स नावाच्या ॲपमध्ये क्लँग हा सी चा कंपायलर बसवता येतो. एवढ्याशा कीबोर्डवर कंस टाइप करताना वैताग येतो, पण वीस ओळींचा प्रोग्राम तपासायला पुरतं. लॅपटॉपसाठी घरच्यांच्या मागे पहिल्या सेमिस्टरला लागू नकोस. पहिल्या वर्षाचे प्रोग्राम इतके लहान असतात की लॅबमधल्या उबंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या जुन्या मशीनवरसुद्धा क्षणात चालतात.

आता क्लासबद्दल. क्लासला माझा सरसकट विरोध नाही. लेक्चरला साठ-सत्तर मुलं असताना शंका विचारायला धीर होत नाही, आणि तिथे विचारता येते, हे खरं आहे. पण जो क्लास "परीक्षेला येणाऱ्या सगळ्या स्लिपा करून घेतो" अशी जाहिरात करतो, तो तुझ्या दुखण्यावर दुखणंच देणार. स्लिपा तुझ्या आधीच पाठ आहेत, अडचण त्याच्या पुढची आहे. फी भरण्याआधी एक दिवस बसून बघ. तिथे सर फळ्यावर लिहितात आणि मुलं उतरवतात, की सर विचारतात, "आता इथे काय छापलं जाईल?" दुसरा प्रकार दिसला तर जा. नाहीतर तेवढाच वेळ बसायला शांत जागा मिळाली तरी जास्त उपयोग होईल. कॉलेजची रीडिंग रूम आहेच, आणि शालिमारजवळचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून नाशिककरांना हीच सोय देत आलंय.

क्लासची आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती दरवर्षी घडते. काही ठिकाणी अजून टर्बो सी वर शिकवतात, तोच निळा स्क्रीन. तो १९९० च्या आसपासचा, डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातला कंपायलर. कॉलेजच्या लॅबमध्ये बहुतेक करून लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर असतो. लासलगावकडचा माझा एक विद्यार्थी घरच्या कांद्याचा हिशोब प्रोग्रामने करून बघत होता. ट्रॉलीत २५ क्विंटल माल, भाव १८०० रुपये क्विंटल. उत्तर यायला हवं ४५,०००. क्लासच्या मशीनवर आलं उणे २०,५३६. तोच प्रोग्राम लॅबमध्ये चालवला तर बरोबर ४५,०००. पोरगा हादरला. त्याला वाटलं, गुणाकारच चुकतोय.

कारण असं की टर्बो सी मध्ये इंट हा पूर्णांक ठेवायचा प्रकार १६ बिटांचा असतो. त्यात उणे ३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचेच आकडे मावतात. जुन्या गाडीच्या किलोमीटरच्या काट्यासारखं समज: सगळे आकडे भरले की तो पुन्हा सुरुवातीवर येतो. फरक एवढाच की इथली "सुरुवात" शून्य नसून उणे ३२,७६८ आहे. ४५,००० तून ६५,५३६ वजा कर, उणे २०,५३६ येतात. जीसीसीमध्ये इंट ३२ बिटांचा असतो, तिथे २१४ कोटींच्या पुढेपर्यंत आकडा मावतो, म्हणून लॅबमध्ये अडलं नाही. ती वजाबाकी त्याने स्वतः वहीत करून बघितली आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला समजावून सांगितली. व्हेरिएबलचा प्रकार आधी का सांगावा लागतो, हा प्रश्न त्या वर्गाने पुन्हा विचारला नाही. म्हणून क्लास लावलाच तर आधी विचार, कोणता कंपायलर? लॅबमध्ये जो असेल त्यावरच सराव कर. परीक्षा त्याच मशीनवर होणार आहे.

याच्या जवळचा आणखी एक फटका सगळ्यांना बसतो. ५०० पैकी ४३७ मार्क, टक्के काढायचे. मुलं लिहितात ४३७ भागिले ५०० गुणिले १००, आणि उत्तर शून्य येतं. दोन पूर्णांकांचा भागाकार केला की सी दशांशाचा भाग टाकून देतो. ४३७ भागिले ५०० म्हणजे शून्य, मग शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्य. आधी १००.० ने गुण आणि मग ५०० ने भाग, ८७.४ मिळतील. शंभरापुढचा तो ".०" नुसता शोभेचा नाही, तेवढ्याने हिशोब दशांशात होतो. मात्र छापताना प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनलाही दशांशाचा आकडा येतोय हे सांगावं लागतं.

इंग्रजीची भीती तू उघड लिहिली नाहीस, पण माध्यमाचा उल्लेख केलास म्हणून बोलते. प्रोग्रामिंगला लागणारं इंग्रजी अगदी थोडं आहे, आणि तेच ते पुन्हा येतं. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर एररची यादी करायला घे. "एक्स्पेक्टेड" म्हणजे इथे अमुक चिन्ह यायला हवं होतं. "अनडिक्लेअर्ड" म्हणजे हे नाव तू आधी सांगितलंच नाहीस, किंवा स्पेलिंग चुकलंय. "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणजे फंक्शन वापरलंस पण ते कुठे लिहिलेलं सापडत नाही. पुढे अर्थ मराठीत लिही आणि तो एरर कशामुळे आला होता तेही लिही. चाळीस एरर आले तर घाबरू नकोस. सगळ्यात वरचा तेवढा दुरुस्त कर आणि पुन्हा कंपाइल कर, खालचे बरेच त्याच्या मागोमाग जातात. आणि कंपायलर जी ओळ दाखवतो तिच्या एक ओळ वरही बघत जा. सेमीकोलन सुटला की पुष्कळदा ठपका पुढच्या ओळीवर येतो.

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात सी चे धडे मराठी आवाजातही आहेत, आणि ते लहान लहान आहेत. बघताना मात्र मधे मधे थांबव आणि पुढे काय छापलं जाईल ते आधी लिही. नुसतं बघत राहिलीस तर पुन्हा "ऐकताना सगळं कळतं" इथेच येशील.

एआयचंही तेच. मोबाइलवर प्रश्न टाकला की तयार प्रोग्राम मिळतो हे मला माहीत आहे, आणि आता जर्नलं तशीच भरली जातात हेही. त्याला प्रोग्राम मागू नकोस. स्वतःचे रकाने भरून झाले, उत्तर जुळलं नाही आणि अर्धा तास घालवूनही कारण सापडलं नाही, तर मग विचार, "तिसऱ्या फेरीत माझ्या मते ही किंमत यायला हवी होती, मग दुसरी का आली?" असा प्रश्न विचारता आला म्हणजे निम्मं काम तू स्वतः केलेलं असतं.

पुढे कुठे अडशील तेही सांगून ठेवते. पहिली खिंड लूपच्या आत लूप. घरी द्राक्षबाग असेल तर फवारणी आठव. बाहेरचा लूप म्हणजे बागेतली ओळ, आतला म्हणजे त्या ओळीतलं झाड. एका ओळीतली सगळी झाडं झाल्याशिवाय दुसऱ्या ओळीत जात नाहीत. आणि दुसऱ्या ओळीत शिरलं की पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात. हे "पुन्हा पहिल्यापासून" मुलं विसरतात. व्हाइल लूप लिहिताना आतल्या मोजणीला एक ही किंमत बाहेरच्या लूपच्याही वर देऊन ठेवतात. मग ताऱ्यांचा (*) चौकोन छापताना पहिली ओळ झकास छापली जाते आणि खाली नुसत्या रिकाम्या ओळी, कारण मोजणी पहिल्याच ओळीत शेवटाला पोचली आणि तिथेच राहिली. ही चूक तू एकदा मुद्दाम करून बघ.

फंक्शन आणि ॲरे (एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या किंमती) त्यामानाने सोपे जातात. दुसरी खिंड पॉइंटरची, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलची. तिचं मूळ कीबोर्डवरून किंमत घेणाऱ्या स्कॅनएफमधल्या "&" या चिन्हात आहे. तू ते पहिल्या आठवड्यापासून पाठ करून लिहितेयस. त्याचा अर्थ आजच समजून घे: प्रिंटएफला व्हेरिएबलमधली किंमत पुरते, पण स्कॅनएफला त्यात नवी किंमत ठेवायची असते, म्हणून ती कुठे ठेवायची तो मेमरीतला पत्ता द्यावा लागतो. "&" म्हणजे पत्ता. ते विसरलं की बहुतेक वेळा "सेगमेंटेशन फॉल्ट" येऊन प्रोग्राम मरतो, कारण आत पडलेल्या कुठल्यातरी आकड्यालाच तो पत्ता समजतो. एवढं आज पक्कं झालं तर पॉइंटरच्या वेळी निम्मा वर्ग घाबरलेला असताना तू शांत असशील.

मैत्रिणी कधी विचारतात की इंजिनिअरिंगला गेलेल्यांना पायथन शिकवतात, आपण ही जुनी भाषा का शिकायची. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये १९७२ च्या सुमारास सी घडवली हे खरं, पण लिनक्सचा गाभा आजही बराचसा सी मध्येच आहे, आणि आपण जो पायथन सहसा वापरतो तोही सी मध्येच लिहिलेला आहे. पायथनमध्ये पूर्णांक वाटेल तेवढा मोठा होतो, तिथे कांद्याचा हिशोब उणे येणार नाही. पण मेमरीत नेमकं काय चाललंय ते सी मध्ये जितकं जवळून दिसतं तितकं तिथे दिसत नाही. ड्राय रनची सवय दोन्हीकडे चालते.

प्रॅक्टिकल परीक्षेचं थोडक्यात. पाठ केलेली स्लिप हातात आली तर प्रोग्राम होतो, पण बाहेरून आलेले परीक्षक आता एखादी ओळ बदलायला सांगतात: चढत्या क्रमाऐवजी उतरता करा, पाचऐवजी कितीही संख्या घ्या. त्यासाठी प्रत्येक स्लिपच्या प्रोग्रामात एकेक ओळ बदलून काय होईल ते लिहून ठेव. दहा स्लिपा अशा मोडून-जोडून केलेल्या, चाळीस पाठ केलेल्यांपेक्षा मी कधीही पसंत करेन.

आणि लाइन बदलायची का? आत्ता ठरवू नकोस. तीन आठवडे रोज एक पान रकाने भर. मग एका रविवारी घरी, पुस्तक मिटून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून हा प्रोग्राम लिही: सात दिवसांचं तापमान घ्यायचं, ८ अंशांच्या खाली पारा गेलेले दिवस किती ते सांगायचं, आणि असे सलग दोन दिवस आले असतील तर "शेकोटी पेटवा" असं छापायचं. हा कुठल्याही स्लिपमध्ये नाही. आधी एक-दोन ओळी सुचल्या तरी चालेल, त्यांचे रकाने भर, पुढची ओळ त्यातून सुचेल. "सलग" कसं ओळखायचं इथे अडशील, तिथे एक तास गेला तरी जाऊ दे. आदल्या दिवशीचं तापमान कुठेतरी ठेवावं लागतंय, एवढं तुझं तुला सापडलं तर लाइन बदलायचा विचार सोडून दे. नाही सापडलं तर ते खाडाखोडीचं पान फाडू नकोस. तसंच घेऊन तुमच्या मॅडमकडे जा आणि कुठल्या ओळीवर थांबलीस तिथे बोट ठेवून दाखव.